वर्गातील पडदा आणि शिक्षकाचे शिकणे: तीन प्रशिक्षणांविषयी एका विज्ञान शिक्षिकेचा अभिप्राय

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत 19 वर्षांपासून आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. गेल्या पाच वर्षांत ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’ या एकाच नावाखाली मी तीन निरनिराळी प्रशिक्षणे घेतली. पहिले शाळेत बसवलेल्या स्पर्शपटलासोबत ते पुरवणाऱ्या कंपनीने दिले, दुसरे शासनाच्या दीक्षा या ऑनलाइन शिक्षणमंचावरील, शिक्षकांसाठीच्या निष्ठा अभ्यासक्रमांचे होते आणि तिसरे आमच्या तालुक्यातील विज्ञान अध्यापक मंडळाच्या काही सदस्यांनी फेट या मोफत सिम्युलेशनसंचाभोवती, म्हणजे संगणकावर करून पाहायच्या आभासी प्रयोगांभोवती, चालवलेल्या अभ्यासगटाचे. तिन्ही ठिकाणी हजेरीपटावर सह्या झाल्या, चहा झाला आणि शेवटी छायाचित्रही निघाले. माझ्या वर्गात मात्र तिन्हींचा परिणाम सारखा झाला नाही. आपला आणि आपल्या सहकाऱ्यांचा वेळ कशावर खर्चावा, हे ठरवणाऱ्या शिक्षकांना व मुख्याध्यापकांना उपयोग व्हावा म्हणून मी हे तपशिलाने लिहीत आहे.

कंपनीच्या प्रशिक्षणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या आपुलकीने वर्गणी काढून शाळेला 2 स्पर्शपटले दिली आणि ती बसवून झाल्यावर कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी 2 तासांसाठी आला. आम्ही 23 शिक्षक सभागृहात बसलो होतो. पेनाचा रंग कसा बदलायचा, पार्श्वभूमीला आलेखाचा कागद कसा आणायचा, पडद्यावरचे लेखन कसे साठवायचे, हे त्याने नीट दाखवले. मुलगा कामसू होता आणि त्याच्या माहितीत कुठे खोट नव्हती. परंतु मराठीच्या बाईंनी ‘कविता शिकवताना याचा उपयोग कसा करू?’ असे विचारले तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. ते त्याच्याकडे असावे अशी अपेक्षा करणेही योग्य ठरले नसते, कारण तो कधी वर्गात उभा राहिलेला नव्हता. आम्हा सर्वांना त्याने मानवी हृदयाची एकच त्रिमितीय चित्रफीत दाखवली. चार महिन्यांनी पटलाची आज्ञावली अद्ययावत करण्याची वेळ आली तेव्हा कंपनीकडून ‘तक्रार नोंदवून घेतली आहे’ एवढेच पुनःपुन्हा ऐकायला मिळाले आणि त्या काळात एका वर्गातील पटल फळ्यासारखेसुद्धा वापरता आले नाही. यंत्र विकत घेताना सोबत मिळणारे प्रशिक्षण हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे तोंडी वाचन असते, एवढे समजून मुख्याध्यापकांनी त्याची किंमत ठरवावी. त्याला शिक्षकांचे प्रशिक्षण म्हणून हिशेबात धरू नये, असे माझे मत आहे.

दीक्षाविषयी अधिक गांभीर्याने लिहायला हवे, कारण तिचा आवाका फार मोठा आहे. हा राष्ट्रीय मंच 2017 च्या शिक्षकदिनी, म्हणजे 5 सप्टेंबर रोजी सुरू झाला. आपल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड ज्या साहित्याकडे नेतात, ते साहित्यही याच मंचावर आहे. निष्ठा हा शिक्षकांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 21 ऑगस्ट 2019 रोजी समोरासमोरच्या प्रशिक्षणाच्या रूपात सुरू झाला. प्राथमिक स्तरावरील सुमारे 42 लाख शिक्षक, मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवलेले होते. कोविडमुळे शाळा बंद झाल्यावर ऑक्टोबर 2020 पासून तो 18 अभ्यासक्रमांच्या रूपात दीक्षावर आला आणि पुढे 2021 मध्ये आम्हा माध्यमिक शिक्षकांसाठी निष्ठा 2.0 आले, ज्यात प्रत्येकाला 12 सर्वसाधारण अभ्यासक्रम आणि आपल्या विषयाच्या अध्यापनाचा एक असे 13 अभ्यासक्रम पूर्ण करायचे होते. अध्ययन, अध्यापन व मूल्यमापनात माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचा वापर हा त्यातील एक स्वतंत्र अभ्यासक्रम होता.

या अभ्यासक्रमांची जमेची बाजू स्पष्ट आहे. एका खेड्यातील शिक्षिका, घरचे आवरून झाल्यावर, रात्री साडेनऊ वाजता भ्रमणध्वनीवर तेच साहित्य उघडू शकते, जे शहरातील नामांकित शाळेतील शिक्षक उघडतो, आणि त्यासाठी तिला ना कार्यमुक्तीचा आदेश लागतो ना प्रवासखर्च. साहित्य उतरवून घेतले की जाळे नसतानाही पाहता येते. साधन निवडताना आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिघांचा एकत्र विचार करावा, ही मांडणी मला पहिल्यांदा याच अभ्यासक्रमाच्या निमित्ताने नीट समजली. ही मांडणी पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी 2006 मध्ये केली. ली शुलमन यांनी 1986 मध्ये सांगितले होते की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या संगमावर शिक्षकाचे म्हणून एक खास ज्ञान असते. मिश्रा व कोहलर यांनी त्या विचाराला तंत्रज्ञानाची जोड दिली. आम्हाला इतकी वर्षे ‘पीपीटी करा, व्हिडिओ दाखवा’ एवढेच सांगितले जात होते, त्यामुळे हा विचार वाचताना मला खरोखर आधार वाटला.

मर्यादा आहे ती या रचनेतच. अभ्यासक्रम 3 ते 4 तासांचा असतो, शेवटी बहुपर्यायी प्रश्न असतात, ठरावीक गुण मिळाले की प्रमाणपत्र उतरते आणि शिक्षक पुढच्या अभ्यासक्रमाकडे वळतो. त्यात शिकलेले एखादे साधन मी माझ्या नववी ब मध्ये वापरले का, मुले कुठे अडली आणि पुढच्या वेळी मी काय बदलणार, हे विचारायला कोणीही नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु तास मोजणे सोपे आणि वर्गातला बदल पाहणे अवघड असल्यामुळे मोजणी तासांचीच होते. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘आजच लिंक पूर्ण करावी’ असा संदेश येतो आणि त्या संदेशात अभ्यासक्रमातील आशयाविषयी एक ओळही नसते. 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठीही प्रशिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा लागत असल्याने, प्रमाणपत्राकडे पाहण्याची शिक्षकांची नजर तशीच घडत गेली आहे. दोष शिक्षकांच्या निष्ठेचा आहे असे मी मानत नाही. दीक्षाला मी उत्तम ग्रंथालय म्हणेन. ज्याला काय शोधायचे आहे हे ठाऊक आहे, त्याला ते भरपूर देते.

आता तिसऱ्या प्रशिक्षणाकडे येते, ज्यासाठी हा अभिप्राय मुख्यतः लिहायला घेतला.

फेट हा अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील परिसरात तयार झालेला सिम्युलेशनसंच आहे. पदार्थविज्ञानाचे 2001 चे नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये त्याची सुरुवात केली. आज त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित वगैरे विषयांची शंभराहून अधिक सिम्युलेशन आहेत, ती संकेतस्थळावर विनामूल्य उघडतात, उतरवून घेऊन जाळ्याविना चालवता येतात आणि स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरामुळे त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. शिक्षकाने मोफत खाते उघडले की सिम्युलेशनसोबत शिक्षकांसाठीची टिपणे आणि जगभरातील शिक्षकांनी तयार केलेले कृतिपाठ मिळतात. कृतिपाठ प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, ही मराठी शाळांच्या दृष्टीने खरी उणीव आहे. आमच्या गटाने आपल्यापुरते मराठी कृतिपाठ लिहिले.

गट नऊ जणांचा. शासकीय प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले एक अधिव्याख्याता सुलभक, म्हणजे चर्चा पुढे नेणारे मार्गदर्शक, म्हणून येतात आणि महिन्यातील एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही तालुक्याच्या गावी एका शाळेच्या प्रयोगशाळेत 3 तास बसतो. वर्षाला प्रत्येकी 300 रुपये जमा होतात, त्यात विद्युतघट, दिवे, तारा आणि चहा भागतो. एका बैठकीत एकच पाठ घ्यायचा, पुढच्या 15 दिवसांत तो प्रत्येकाने आपल्या वर्गात शिकवायचा, त्या तासाला गटातील एकाने मागच्या बाकावर बसून निरीक्षण करायचे आणि पुढील बैठकीला मुलांच्या वह्या घेऊन यायचे, असा शिरस्ता आहे. जपानमधील शिक्षकांची पाठ-अभ्यासाची पद्धत याच धर्तीची आहे, हे सरांनी नंतर सांगितले. सुरुवातीला त्यांनी कोणत्याही पद्धतीचे नाव घेतले नव्हते.

पहिली बैठक नववीच्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणावर होती. सरांनी लॅपटॉप उघडलाच नाही. त्यांनी फळ्यावर एक परिपथ काढला: एक बॅटरी, तिला एकसर जोडणीत दिवा अ, आणि त्याच्या पुढे समांतर जोडणीत ब व क हे दोन दिवे, तिन्ही अगदी सारखे. मग त्यांनी विचारले, ‘क हा दिवा काढून घेतला तर अ आणि ब यांच्या प्रकाशात काय बदल होईल? बोलू नका, प्रत्येकाने कागदावर लिहा आणि कारणही लिहा.’ आम्ही नऊही जण पदवीधर विज्ञान शिक्षक होतो. सहा जणांनी लिहिले की अ च्या प्रकाशात काहीही फरक पडणार नाही, कारण बॅटरीतून येणारी विद्युतधारा तीच राहील. त्या सहांत मी होते. ओहमचा नियम मी जवळपास दोन दशके शिकवत आले आहे आणि तरीही माझ्या मनात बॅटरी म्हणजे ठरावीक धारा सोडणारी टाकी, असेच चित्र होते, हे त्या कागदावर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर आले.

त्यानंतर आम्ही जोडीजोडीने लॅपटॉपवर परिपथ-रचनेचे फेट सिम्युलेशन उघडले. 9 व्होल्टची बॅटरी आणि प्रत्येकी 10 ओहम रोधाचे दिवे. तिन्ही दिवे असताना अ मधून 0.6 अँपिअर आणि ब व क मधून प्रत्येकी 0.3 अँपिअर धारा जाते, कारण समांतर जोडणीचा रोध 5 ओहम व एकूण रोध 15 ओहम होतो. क काढला की एकूण रोध 20 ओहम होतो, अ आणि ब दोघांतूनही 0.45 अँपिअर धारा जाते, म्हणजे अ मंदावतो आणि ब अधिक उजळतो. पडद्यावर तारेतून सरकणारे निळे इलेक्ट्रॉन क सोडवताच बॅटरी व अ च्या तारेत एकदम मंदावले आणि ब च्या शाखेत अधिक वेगाने सरकू लागले. ते पाहताना माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे बॅटरीला पुढचं सगळंच कळतं.’ भौतिकशास्त्राच्या भाषेत हे विधान बसत नाही, पण परिपथ हा एकसंध असतो, एका ठिकाणचा बदल सगळीकडे जाणवतो, हे त्यांना त्या क्षणी उमगले होते आणि सरांनी त्यांचे तेच वाक्य घेऊन पुढची अर्धा तास चर्चा चालवली. शेवटच्या तासाला खऱ्या तारा, खरे दिवे आणि खऱ्या बॅटऱ्या हातात घेऊन आम्ही तोच परिपथ जोडला.

हा अनुभव केवळ आमचा नाही, हे समजल्यावर थोडा धीर आला. वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅकडरमॉट व पीटर शेफर यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच सारख्या दिव्यांना प्रकाशाच्या क्रमाने लावण्याचा साधा वाटणारा प्रश्न विद्यापीठातील सुमारे 15 टक्के विद्यार्थ्यांनाच बरोबर सोडवता आला होता. दुसरीकडे, 2005 मध्ये भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचे संशोधक नोआ फिंकेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, परिपथाचे सिम्युलेशन वापरलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खरे परिपथ जोडून ते समजावून सांगण्यातही, आधीपासून खऱ्या साहित्यावर काम केलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस कामगिरी केली. मला हा निष्कर्ष आधी पटला नव्हता. हाताने केलेल्या प्रयोगाला पर्याय नाही, असे मानणारी मी शिक्षिका आहे आणि आजही दोन्ही करते. परंतु खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, सैल जोडणीमुळे दिवा लागत नाही आणि तासाची 35 मिनिटे सांधे तपासण्यात जातात, हेही खरे आहे.

माझ्या वर्गातील तास नवव्या दिवशी झाला. निरीक्षणाला आलेले सहकारी 28 किलोमीटरवरून दुचाकीने आले होते. त्यांच्या टिपणातील पहिली नोंद अशी होती: ‘मॅडम, आपण अंदाज लिहायला सांगितले आणि चार सेकंदांनी स्वतःच सूचक उत्तर दिले. मागच्या तीन बाकांवरील एकाही मुलाची पेन्सिल तोवर टेकली नव्हती.’ इतक्या वर्षांत माझ्या अनेक तपासण्या झाल्या, परंतु टाचणवही, हजेरी आणि फलकलेखन यांपलीकडे जाऊन माझ्या चार सेकंदांकडे कोणी पाहिले नव्हते. दुसऱ्या तुकडीला तोच पाठ घेताना मी घड्याळ समोर ठेवले आणि पूर्ण दोन मिनिटे गप्प राहिले. वह्यांत आलेल्या कारणांची संख्या आणि विविधता पाहून मी त्या वह्या बैठकीला तशाच घेऊन गेले.

त्याच तासाला एका मुलीने विचारलेला प्रश्न आमच्या पुढच्या बैठकीचा विषय झाला. सिम्युलेशनमध्ये एकाऐवजी दोन दिवे समांतर जोडले तरी प्रत्येकाचा प्रकाश पहिल्याइतकाच राहतो. आमच्या टेबलावरच्या जुन्या घटांवर मात्र दोन्ही दिवे किंचित मंद झाले. ती म्हणाली, ‘बाई, संगणकातला सेल कधी जुना होत नाही का?’ हा प्रश्न अंतर्गत रोधाचा, म्हणजे घटाच्या स्वतःच्या आतील रोधाचा होता, जो नववीच्या अभ्यासक्रमात नाही, आणि मी तो तास ‘छान प्रश्न आहे, आपण पुढच्या वेळी पाहू’ असे सांगून संपवला. बैठकीत सरांनी त्याच सिम्युलेशनमधील, आमच्यापैकी कोणीही न उघडलेला, बॅटरीचा अंतर्गत रोध बदलण्याचा पर्याय दाखवला. तो 2 ओहमवर ठेवला की एकट्या दिव्यातून 0.75 अँपिअर धारा जाते आणि दोन दिवे समांतर जोडल्यावर प्रत्येकातून सुमारे 0.64 अँपिअर, म्हणजे संगणकातला घटही जुना करता येतो. सोमवारी मी मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून ते दाखवले आणि तिने स्वतः रोध 5 ओहमवर नेऊन दिव्यांचा प्रकाश वहीत टिपून घेतला. ते बटण कुठे आहे हे मला कोणत्याही माहितीपुस्तिकेतून कळले असते, परंतु ते कशासाठी दाबायचे हे मला त्या मुलीच्या प्रश्नाने आणि त्यानंतरच्या बैठकीने शिकवले.

शिक्षण-संशोधक लिंडा डार्लिंग-हॅमंड व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 35 अभ्यासांचा आढावा घेऊन परिणामकारक शिक्षक-प्रशिक्षणाची काही वैशिष्ट्ये मांडली: विषयाच्या आशयावर भर, शिक्षकांचा प्रत्यक्ष सहभाग, सहकाऱ्यांसोबत काम, चांगल्या अध्यापनाचे नमुने, तज्ज्ञांचे मार्गदर्शन, अभिप्राय व चिंतन, आणि पुरेसा दीर्घ कालावधी. मी ही यादी गटात सामील झाल्यानंतर वाचली आणि आमच्या प्रयोगशाळेतील शनिवार एकेक करून आठवत गेले.

या गटाच्या उणिवाही सांगणे माझे कर्तव्य आहे. सगळा डोलारा एका निवृत्त अधिव्याख्यात्याच्या उत्साहावर उभा आहे आणि त्यांची प्रकृती बिघडली तेव्हा 2 बैठका रद्द झाल्या. वर्षभरात जेमतेम सहा पाठ होतात, त्यामुळे ‘अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार’ असे विचारणाऱ्या शाळाप्रमुखाला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही. बैठकीचे तास कोणत्याही नोंदीत धरले जात नाहीत आणि दुसऱ्या शाळेत निरीक्षणाला जाण्यासाठी प्रत्येक वेळी मुख्याध्यापकांच्या सद्भावनेवर अवलंबून राहावे लागते. लहान मुले असलेल्या दोन सहकारी शनिवार दुपारच्या वेळेमुळे गटात येऊ शकल्या नाहीत, याची मला विशेष खंत आहे. भाषा आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांसाठी तालुक्यात असा गट नाही आणि फेटसारखे विज्ञान-गणिताचे साधन त्यांच्या उपयोगाचे नाही. मराठीच्या बाईंचा तो कवितेविषयीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

पैसे देऊन प्रशिक्षण बोलावणाऱ्या शाळांना मी एवढे सुचवेन की ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सुलभक आमच्या कोणत्या इयत्तेचा कोणता पाठ घेणार आहे, प्रशिक्षणानंतर तो वर्गात येणार आहे का, आणि महिन्याने पुन्हा भेटणार आहे का. तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर त्या पैशांत दोन डझन घट, दिवे आणि एका शिक्षकाचा वर्षभराचा एसटीचा प्रवासखर्च भागतो. दीक्षावरचे अभ्यासक्रम शिक्षकांनी जरूर करावेत, परंतु दोघा-तिघांनी मिळून करावेत आणि प्रत्येक अभ्यासक्रमातील एकच गोष्ट आपल्या वर्गात करून पाहावी. फेट मी विज्ञान व गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला सुचवेन, मात्र आधी प्रश्न, मग मुलांचा लेखी अंदाज आणि त्यानंतर पडदा, हा क्रम मोडू नये.

आमची पुढची बैठक दहावीच्या भिंगांवर आहे. प्रत्येकाने आपल्या वर्गातील पाच मुलांनी, काहीही न सांगता काढलेल्या किरणाकृती सोबत आणायच्या आहेत. माझ्याकडच्या पाचपैकी तीन आकृतींत, भिंगाचा अर्धा भाग कागदाने झाकल्यावर, प्रतिमाही अर्धीच काढलेली आहे; प्रत्यक्षात ती पूर्णच पडते, फक्त मंद होते.